शब्दचर्चा : ऑपेराच्या 'कंडक्टर'ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न :

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी आर्तुरो तोस्कानिनी यांच्यावर लेख लिहायला घेतला आहे. हे ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाचे, कंडक्टर : समोर उभे राहून खुणांनी सगळ्या गायक-वादकांना एकत्र सांभाळणारे. १८६७ साली इटलीतल्या पार्मा गावी शिंप्याच्या घरी जन्म, तिथल्याच संगीतशाळेत चेलोचे (व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य) शिक्षण, आणि १८८६ साली एका ऑपेरा कंपनीबरोबर चेलोवादक म्हणून ब्राझीलचा दौरा. रिओ द जानेरोत ३० जूनच्या रात्री 'आयदा' हा ऑपेरा होता. स्थानिक कंडक्टर कंपनीशी भांडून निघून गेलेला. त्याच्या जागी जो उभा राहिला त्याला प्रेक्षकांनी आरडाओरडा करून टिकू दिले नाही. शेवटी कंपनीतल्या मंडळींनी या १९ वर्षांच्या मुलाला पुढे केले. त्याने स्वरलिपी न पाहता अख्खा 'आयदा' चालवला.

'चालवला' असे मी आत्ता लिहून गेले खरी, पण ऑपेरा कोणी 'चालवतो' का? माझी अडचण नामाची आहे आणि क्रियापदाचीही. 'कंडक्टर' म्हटले की मराठी मनाला आधी एसटी आठवते, आणि महामंडळाने त्याला 'वाहक' केले. तो शब्द विजेच्या तारेनेही घेतला आहे. 'दिग्दर्शक' लिहावे तर 'संगीत दिग्दर्शक' म्हणजे आपल्याकडे चाली बांधणारा. 'संयोजक' लिहावे तर संगीत संयोजन म्हणजे अरेंजरचे काम. उरला 'संचालक'. तो वाचला की डोळ्यांपुढे साखर कारखाना किंवा शिक्षण संचालनालय येते. प्रत्येक खुर्चीवर कोणी ना कोणी आधीच बसलेले आहे. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद :

'वाद्यवृंद संचालक' हा शब्द चालतो. झुबिन मेहतांच्या बातम्यांत तो मी अनेकदा वाचला आहे. साखर कारखाना आठवतो तो नुसत्या 'संचालक'ने. आधी 'वाद्यवृंद' जोडला की अर्थ बांधला जातो. 'वाद्यवृंद'ही आकाशवाणीमुळे रुळलेला आहे. उलट 'ऑर्केस्ट्रा' म्हटले तर गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवेल.

जाता जाता, तोस्कानिनी आणि मेहता यांच्यात एक धागा आहे, लेखात घेता आला तर पाहा. जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यू वादकांना घेऊन पॅलेस्टाइनमध्ये एक वाद्यवृंद उभा राहिला, त्याचे पहिले कार्यक्रम डिसेंबर १९३६ मध्ये तोस्कानिनींनी केले. तोच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. मेहतांनी तो पुढे कित्येक दशके सांभाळला. त्यांचा जन्मही १९३६ चाच, मुंबईचा, आणि त्यांचे वडील मेहली मेहता यांनी त्याआधीच्या वर्षी बॉम्बे सिंफनी हा वाद्यवृंद सुरू केला होता.

प्रतिसाद (मूळ लेखिका) :

दादा, धागा नक्की घेईन, धन्यवाद. 'वाद्यवृंद संचालक' एकदा ओळख करून द्यायला ठीक आहे. पण हा माणूस ६८ वर्षे हे काम करत होता. दर ओळीत आठ अक्षरांचा समास कसा घालू? शिवाय ऑपेरात नुसता वाद्यवृंद नसतो. गायक असतात, कोरस असतो, पडद्याआडची वाद्ये असतात, आणि या सगळ्यांची नजर एका माणसाकडे असते.

'सूत्रधार' कसा वाटतो? आपल्या संगीत नाटकातला, नांदीनंतर येणारा.

प्रतिसाद :

सूत्रधार नको, ताई. वर्तमानपत्रांनी तो शब्द कट आणि घोटाळे यांच्याकडे इतका वळवला आहे की 'सूत्रधार तोस्कानिनी' वाचून माणूस दचकेल. आणि नाटकातला सूत्रधार नटीशी दोन शब्द बोलून आत जातो. कंडक्टरला पडदा पडेपर्यंत हलता येत नाही.

माझे आयुष्य हौशी संगीत नाटकांत गेले, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो. इटालियन ऑपेरात हे पद पूर्वी एका माणसाचे नव्हतेच. १९व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गायकांना भूमिका शिकवणारा एक असे, तो 'मायेस्त्रो कोन्चेर्तातोरे'. प्रयोगाच्या वेळी वादकांना सांभाळी तो पहिला व्हायोलिनवादक, आपल्या जागेवरून, गजानेच खुणा करत. पुढे ही दोन्ही कामे एकाच्या हाती आली आणि फलकावर लिहू लागले, 'मायेस्त्रो कोन्चेर्तातोरे ए दिरेत्तोरे द'ओर्केस्त्रा'. आन्जेलो मारियानी हे त्यातले मोठे आरंभीचे नाव. तोस्कानिनी आले तेव्हा ही रीत नुकतीच स्थिरावत होती.

आता 'कोन्चेर्तारे' म्हणजे काय? सगळ्यांचा मेळ घालणे. त्याला मराठीत रोजच्या वापरातले क्रियापद आहे : बसवणे. आपण नाटक बसवतो, चाल बसवतो, समूहगीत बसवतो. पार्मापासून मिलानपर्यंत हा माणूस ऑपेरा 'बसवत' होता. आणि बसवणाऱ्याला आपल्या नाटक कंपन्यांत काय म्हणत? तालीममास्तर. किर्लोस्कर मंडळीत देवलांनी हेच काम केले. तुम्हाला हवा तो शब्द घरातच आहे.

प्रतिसाद :

काका, तालीममास्तर हा शब्द सुरेख आहे, पण तो निम्मेच काम सांगतो. मास्तरची सत्ता तालमीपुरती असे. पडदा वर गेला की सत्ता गायकनटाची आणि वन्समोर देणाऱ्या प्रेक्षकांची. तोस्कानिनी नेमके याच्याविरुद्ध झगडले. वन्समोरला इटलीत 'बिस' म्हणतात. १८९८ पासून ते मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाचे प्रमुख होते. १९०३ मध्ये प्रयोगाच्या मध्येच प्रेक्षक 'बिस'साठी हटून बसले, तेव्हा ते बाहेर पडले आणि काही वर्षे तिथे परतलेच नाहीत. नाट्यगृहातले दिवे मालवून अंधार करायचा, प्रेक्षकांनी आपसात भेटीगाठी घ्यायच्या नाहीत, समोरचा प्रयोग बघायचा, हेही त्यांनीच लावून धरले. आपल्या कोणत्या तालीममास्तरला हे जमले असते? बालगंधर्वांच्या एका पदाला चार-चार वन्समोर येत, ते थांबवायला कोण उभे राहणार?

प्रतिसाद (म्हापसा, गोवा) :

मी चर्चच्या कॉयरमध्ये व्हायोलिन वाजवतो. एका बाजूची माहिती आमच्याकडची.

'मायेस्त्रो' हा शब्द लॅटिन 'माजिस्तेर'पासून आला. त्याचेच पोर्तुगीज रूप 'मेस्त्रे'. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशाळेत मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवणारा, सणाला कॉयर उभा करणारा माणूस म्हणजे 'मेस्त्रे'. त्या शाळांतून तयार झालेले गोवेकर वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे तुम्ही ऐकली असतील. तोच 'मेस्त्रे' मराठीत मिस्त्री, मेस्त्री झाला, पगार आणि चावी या पोर्तुगीज शब्दांच्या गलबतातून आला म्हणा. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात.

वर कोणी सूत्रधाराचा विषय काढला म्हणून सांगतो. संस्कृतात सूत्रधार म्हणजे दोरी धरून लाकूड मापणारा कारागीरही, आणि मराठी 'सुतार' त्यातूनच आला. म्हणजे रंगमंचावरचा सूत्रधार आणि ऑपेरातला मायेस्त्रो, दोघांचे शब्द वेगवेगळ्या वाटांनी सुताराच्या दारी पोचले. मला हे फार आवडते. शंभर माणसांचा आवाज जोडायचा म्हणजे सांधा बिनफटीचा बसवावा लागतो, आणि तोस्कानिनी तालमीत जे ओरडत, बॅटन (खुणा करायची हातातली छडी) मोडून टाकत, ते सांधा बसला नाही म्हणूनच.

प्रतिसाद (तालीममास्तर सुचवणारा) :

गोव्याचे दादा, तुम्ही माझेच काम पुढे नेले. कारण त्याच 'माजिस्तेर'चे इंग्रजी रूप 'मास्टर', आणि त्यातून आपला 'मास्तर'. म्हणजे मिस्त्री, मास्तर आणि मायेस्त्रो सख्खी भावंडे. एक पोर्तुगिजांकडून आले, एक इंग्रजांकडून, एक घरीच राहिले.

आता कोणी म्हणेल, मास्तर म्हणजे प्राथमिक शाळा. इटालियनमध्येही तेच आहे. तिथे प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला 'मायेस्त्रो' म्हणतात आणि तोस्कानिनींनाही 'मायेस्त्रो'. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्यालाही वाटत नसे. मास्तर कृष्णरावांना कोणी शाळामास्तर समजले का?

'मायेस्त्रो' फक्त कंडक्टरला लावतात असेही नाही. संगीत रचणाऱ्यालाही तोच शब्द. ऑपेरे रचणारे पुच्चिनी १९२४ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या 'तुरान्दोत'चा शेवट लिहायचा राहिला होता. तो फ्रान्को आल्फानो यांनी पुरा केला. पण २५ एप्रिल १९२६ ला ला स्कालात पहिला प्रयोग झाला, त्या रात्री पुच्चिनींचे स्वर जिथे संपतात तिथे तोस्कानिनींनी बॅटन खाली ठेवले आणि मागे वळून प्रेक्षकांना सांगितले की ऑपेरा इथे संपतो, कारण या जागी मायेस्त्रोंना मृत्यू आला. त्या उद्गारांची वेगवेगळी रूपे सांगतात, पण जास्त ऐकू येते ते हे. ज्यांना सारे जग मायेस्त्रो म्हणत होते, त्यांनी तो शब्द त्या रात्री पुच्चिनींना दिला. हे मराठीत आणताना 'संचालक' आणि 'संगीतकार' असे दोन शब्द घातलेत तर सगळे हातचे जाईल. दोन्हीकडे एकच शब्द हवा.

प्रतिसाद (मूळ लेखिका) :

काका, हे वाचून अंगावर काटा आला. तो प्रसंग मी लिहून ठेवला होता आणि नेमके तिथेच 'संगीतकाराचे निधन झाले' असे लिहिले होते. बदलते.

क्रियापद मात्र अजून अडते. तालमीला 'बसवणे' अगदी पटले. प्रयोगाला काय?

प्रतिसाद :

'वाजवून घेणे'. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हेच ऐकत आलो : अमुक बाईंकडून गाऊन घेतले, तमक्यांकडून सतार वाजवून घेतली. स्वतः एक सूरही न काढता दुसऱ्याच्या हातून संगीत काढायचे, हा कंडक्टरच्या कामाचा गाभा त्या क्रियापदात आहे. नकारही त्यातच लिहिता येतो. १९३१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला संगीतकार मार्तुच्चींच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, तिथे फॅसिस्टांचे गीत वाजवून घ्यायला तोस्कानिनींनी नकार दिला. गुंडांनी नाट्यगृहाच्या दारातच त्यांच्या तोंडावर मारले. त्यानंतर मुसोलिनी असेपर्यंत त्यांनी इटलीत काहीही वाजवून घेतले नाही. 'संचालन करण्यास नकार दिला' असे लिहिलेत तर हेच वाक्य सरकारी परिपत्रक होईल.

प्रतिसाद :

एक शंका. लेखिकेने वर ६८ वर्षे म्हटले, त्या सगळ्याला 'कारकीर्द' म्हणणार का? तो फारसीतून आलेला राज्यकारभाराचा शब्द. अमुक पेशव्यांची कारकीर्द, तमुक गव्हर्नरची कारकीर्द. आता क्रिकेटपटूपासून सगळ्यांची कारकीर्द असते, पण मला ते खटकते.

प्रतिसाद (मूळ लेखिका) :

मला तो शब्द इथे दोन पातळ्यांवर वापरावासा वाटतो. ला स्कालातली त्यांची वर्षे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातली १९०८ ते १९१५, नंतर पुन्हा ला स्काला, मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, आणि १९३७ पासून खास त्यांच्यासाठी उभा केलेला एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीचा वाद्यवृंद, यातली प्रत्येक खरोखर कारकीर्द होती. तिथले कायदे ते स्वतः करत. पण रिओपासून ४ एप्रिल १९५४ च्या कार्नेगी हॉलमधल्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंतच्या प्रवासाला 'वाटचाल' म्हणेन.

सगळ्यांच्या मदतीने सुरुवातीचा परिच्छेद असा झाला आहे, वाचून सांगा :

'वाद्यवृंद संचालक आर्तुरो तोस्कानिनी यांना वादक मायेस्त्रो म्हणत, म्हणजे मास्तर. दृष्टी इतकी अधू की समोरची स्वरलिपी दिसत नसे, म्हणून ते अख्खे ऑपेरे पाठ करून येत. बसवताना सांध्यातली बारीकशी फट त्यांना सहन होत नसे. १९ व्या वर्षी रिओत त्याने पहिल्यांदा 'आयदा' वाजवून घेतला, तेव्हा तो कंपनीतला एक साधा चेलोवादक होता.'

प्रतिसाद (तालीममास्तर सुचवणारा) :

छान उतरले आहे. 'वाजवून घेतला'च्या जोडीला गायकही आहेत, म्हणून तिथे 'गाऊन-वाजवून घेतला' करा. आणि एक दुरुस्ती. आधी 'ते', मग एकदम 'त्याने', 'तो', असे झाले आहे. १९ वर्षांच्या पोराला 'तो' म्हणणे आपल्या भाषेला शोभते, ते ठेवा. पण मग रिओचा प्रसंग आधी घ्या. तो चेलो खाली ठेवून उठला, असे लिहा. आणि त्या रात्रीनंतरच्या पहिल्या वाक्यापासून 'ते' सुरू करा.

प्रतिसाद (मूळ लेखिका) :

करते, काका. अंक आला की प्रत पाठवीन.