सांध्यातून काढलेलं सगळं पॅथॉलॉजीकडे गेलंच पाहिजे का?

काचपट्टी (धागाकर्ता):
खुबा-गुडघ्याच्या ऑपरेशनात निघालेलं हाड आणि सांध्याचं अस्तर बऱ्याचदा न तपासताच टाकून दिलं जातं. माझं मत : निघेल ते सगळं पॅथॉलॉजीकडे गेलंच पाहिजे.

लाल, गरम, सुजलेला गुडघा गाउटचा (सांध्यात युरेट या क्षाराचे स्फटिक साचून होणारा आजार) असतो तसाच पू झालेलाही असतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सांध्यातल्या पाण्याचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की युरेटचे सुईसारखे स्फटिक चमकतात. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये हे दाखवून दिलं.

दुसरी गोष्ट वादाची. हलगर्जी झाली की आजारच तसा होता, असा प्रश्न उभा राहतो तेव्हा केसपेपरवर मागाहून ओळी वाढवता येतात. पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या ऊतीत काही वाढवता येत नाही, आणि त्यातून अनेक वर्षांनीसुद्धा नवा काप घेता येतो.

हाडवैद्य:
सगळं म्हणजे अगदी सगळं? झिजलेल्या खुब्याचा गोळा पाठवा, आधी हाडातलं कॅल्शियम काढण्यात दिवस जाणार, मग अहवाल येणार 'ऑस्टिओआर्थ्रायटिस', म्हणजे सांध्याची झीज. ते एक्स-रेत दिसतच होतं की! शंका असेल तिथे आम्ही पाठवतोच. कृत्रिम सांधा पुन्हा उघडताना टेबलावरूनच फ्रोझन सेक्शन (ऊती गोठवून लगेच तपासायचा काप) जातं, आणि न्यूट्रोफिल (संसर्गात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजून मग पुढचं ठरतं. पॅथॉलॉजिस्टना कामाचे नमुने द्या, ढीग नको.

काचपट्टी:
'शंका असेल तिथे' यातच तर गोम आहे. शंका आलीच नाही, अशाच केस पुढे वादात जातात. झीज समजून काढलेल्या खुब्यात लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) निघाल्याच्या नोंदी आहेत. क्वचितच, हे मान्य.

शिवाय तपासणी सर्जनलाही वाचवते. धातूवर धातू घासणाऱ्या कृत्रिम खुब्यांचं काय झालं आठवा. विलर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भोवतालच्या ऊतीत रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं वर्णन केलं. २०१० मध्ये डीप्यू या कंपनीने आपले 'एएसआर' नावाचे तसले खुबे जगभरातून परत मागवले. ऊती तपासल्या नसत्या तर प्रत्येक दुखरा खुबा सर्जनच्याच माथी बसला असता.

कायद्याचा कीडा:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. कृत्रिम खुब्याची वाटी (कप) तिरकी बसली तरी धातू जास्त झिजतो. म्हणजे प्रतिक्रिया धातूची आहे हे स्लाइड सांगेल. दोष बनवणाऱ्याचा की बसवणाऱ्याचा, ते एक्स-रे आणि कागदपत्रांतूनच काढावं लागेल.

निष्काळजीपणा म्हणजे त्या रात्री त्या डॉक्टरने काय ओळखायला हवं होतं, हा प्रश्न. त्याचं उत्तर काचेवर नसतं. आणि पुढे काय झालं हे ठाऊक असलेल्या तज्ज्ञापुढे जुनी स्लाइड ठेवली की त्याला सगळंच 'स्पष्ट' दिसायला लागतं. ती इतर स्लाइडमध्ये मिसळून, निकाल न सांगता द्या. मग त्या मताला मी मान देईन.

लेक:
माझा प्रश्न चर्चेपेक्षा साधा आहे. वडिलांचा गुडघा सुजला, गाउट म्हणून औषधं झाली, अँटिबायोटिकही सुरू केलं. पाणी त्यानंतर काढलं. कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काही वाढलं नाही. सांधा गेला. आता रुग्णालय म्हणतं, संसर्ग नव्हताच.

हाडवैद्य:
ताई, तेवढ्यावरून 'नव्हताच' असं म्हणता येत नाही. अँटिबायोटिक आधी गेलं की कल्चर कोरं येऊ शकतं. पांढऱ्या पेशींचा आकडा बघा. घन मिलिमीटरला ५०,००० च्या वर गेला तर आम्ही आधी पू धरतो. अर्थात गाउटमध्येही तो तिथवर जातो, आणि संसर्गात त्याखालीही राहतो.

काचपट्टी:
स्फटिक दिसले म्हणून संसर्ग नाही, असंही नसतं. दोन्ही एकाच सांध्यात सापडतात. त्याआधी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही विचारा. त्याचे कणही ध्रुवित प्रकाशात चमकतात आणि फसवतात. गाउटच्या गाठीचा तुकडा काढला असेल तर तो कशात ठेवला होता? फॉर्मॅलिनच्या पाण्यात युरेट विरघळतं, त्यासाठी अल्कोहोल लागतं. तपासणी मागणाऱ्या फॉर्मवर अँटिबायोटिकचा उल्लेख होता का, तेही पाहा. मला तर आधी तो कागदच बघावासा वाटतो.

कायद्याचा कीडा:
बघा, शेवटी कागदावरच आलात! पाण्याची ओली स्लाइड त्याच दिवशी वाळते. मेणाचा ठोकळा कुठला आणणार?

काचपट्टी:
म्हणूनच उरलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमधून फिरवून एक स्लाइड रंगवून ठेवा, असं सांगतो. फार खटपट नाही त्यात.

हाडवैद्य:
पाण्याबद्दल माझा विरोध कधीच नव्हता. खुब्याचे गोळे मात्र मी सरसकट पाठवणार नाही.