उत्तर: गावाकडच्या आईवडलांसाठी हेल्थ सेन्सर
वर एकानं लिहिलंय की आईवडलांच्या मनगटाला स्मार्टवॉच बांधलं की डॉक्टरला घरबसल्या सगळं दिसतं, तर भाऊ इतकं सोपं नाही ते. बीपीसाठी घड्याळाच्या नादी लागू नका, दंडाला पट्टा बांधायचं ब्लूटूथवालं मशीन घ्या आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं गप बसवा, आमचे आबा रानातून आले की लगेच हात पुढं करतेत, मग १७० दिसलं की घरभर बोंब. शुगरचं दंडावर चिकटवायचं सेन्सर भारीय, पण ते रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतं म्हणून आकडा काही मिनिटं मागं असतो, हातपाय थरथरायलेत, घाम फुटलाय आणि मोबाईलवर सगळं नॉर्मल दिसायलंय तर बोटाला टोचून बघाच. लाईट अन् रेंजचं तर आपल्या लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याकडं विचारूच नका, घेताना दुकानदाराला एवढं विचारा की नेट नसताना रीडिंग मशीनमधी साठून राहतंय का. अन् रात्री दोनला रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे धोक्याइतका कमी आला तर अलर्ट कुणाला जाणार? पोरगं पुण्यात झोपलेलं असतंय, शेजाऱ्याचा नंबर टाका, गावातल्या आशाताईला (सरकारी आरोग्य कार्यकर्ती) विचारून तिचा पण.