'अंडरफ्लोअर'ला मराठीत काय म्हणायचं? जमिनीखालून, फरशीखालून, की आणखी काही?

कडीकोयंडा
अडलंय, मदत हवी. ऐरोलीतल्या एका कंपनीच्या नव्या ऑफिसची सूचनापुस्तिका मराठीत करून देतेय. वाचणारे म्हणजे हाउसकीपिंगच्या मावश्या, सिक्युरिटीवाले, कँटीनची पोरं. इमारत 'ग्रीन' आहे आणि एसीची हवा छतातून न येता पायाखालून येते. इंग्रजी मजकुरात 'अंडरफ्लोअर एअर' असं आहे. मी सरळ लिहिलं, 'जमिनीखालून थंड हवा पुरवली जाते'. त्यावर तिकडच्या साहेबांचा फोन: "मॅडम, ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे. जमिनीखालून हवा कशी येणार?"

आता मला सांगा, सातव्या मजल्यावरच्या घरात आपण पोराला 'जमिनीवर सांडू नकोस' म्हणतोच ना? मग 'जमिनीवर' चालतं तर 'जमिनीखाली' का चालू नये?

आणखी दोन अडचणी आहेत. त्या फरशीखालच्या जागेला हे लोक 'प्लेनम' म्हणतात. आणि 'एनर्जी एफिशियन्सी'ला मी 'ऊर्जादक्षता' लिहिलंय, ते मलाच खटकतंय. गुरुवारी द्यायचंय.

पाटावरवंटा
साहेबांचं बरोबर आहे, ताई. 'जमिनीवर' म्हटलं की पायाखाली जे असेल ते, गच्ची असो नाहीतर आगगाडीचा डबा. 'जमिनीखाली' म्हटलं की लगेच माती, पाण्याची लाइन आणि मेट्रो. भुईचंही तेच. भुईवर कोणीही बसतं, भुईखाली फक्त शेंगा. 'फरशीखालून' लिहा आणि मोकळ्या व्हा.

चाळकरी
फरशी तुमच्या पुण्यात. मुंबई-ठाण्याकडे लादी. आमच्या चाळीत आजन्म लादीच पुसली गेली. ऐरोलीतल्या मावश्यांसाठी लिहिताय ना? मग 'लादीखालून'.

शुद्धोदन
जमीन फारसी, फरशी अरबी, मजलासुद्धा अरबी 'मंझिल'वरून आलेला. एका वाक्यात तीन पाहुणे आणि घरचं कोणी नाही. 'अधस्तल वायुवितरण' हा नेमका, छोटा आणि आपला शब्द असताना अडायचं कारण काय? 'महापौर' आणि 'दिनांक' यांनाही लोक हसले होते. आज कोण हसतं?

चाळकरी
मावशी हसतील.

पाटावरवंटा
शुद्धोदन, अरबीत 'फर्श' म्हणजे अंथरलेलं, गालिचा वगैरे. या असल्या ऑफिसांत फरशीवर कार्पेट असतं. म्हणजे शब्द फिरून मूळ अर्थावर आलाय, त्याला कशाला हाकलता? आणि 'मजल दरमजल' करत इथवर आलोय ते त्याच मंझिलच्या जोरावर.

चिलरभाऊ
नमस्कार मंडळी. एसीच्या कामात बावीस वर्षं काढलीत. मूल कसं आहे ते बघा आणि मग बारसं करा.

नेहमीच्या ऑफिसात छतातल्या जाळीतून साधारण १३ अंशांची हवा जोरात खाली मारतात. ती खोलीभरच्या हवेत मिसळते आणि सगळी खोली सारखी गार होते, डोक्यावरची रिकामी जागासुद्धा. तिथे बसतं कोण? पाली.

फरशीतून देता तेव्हा हवा १७-१८ अंशांची चालते, कारण ती थेट माणसापाशी निघते. माणूस शंभर-सव्वाशे वॅट उष्णता टाकतो, कॉम्प्युटर टाकतो तो वेगळा. त्या उबेनं हवा आपोआप वर चढते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. डोक्याच्या वर गरम थर साचतो तो साचू द्यायचा, वरूनच ओढून घ्यायचा. म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीपर्यंतच गारवा राखायचा.

खाली साधारण फूट-दीड फूट उंचीच्या लोखंडी पायांवर दोन बाय दोन फुटांच्या लाद्या (घ्या चाळकरी!) बसवलेल्या असतात. मधल्या जागेत डक्टचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचं, जाळं नसतं, ती सबंध जागाच डक्ट. दाब किती? १२ ते २५ पास्कल. पाण्याची पातळी जेमतेम एक ते अडीच मिलिमीटर हलेल इतका. त्यामुळे पंख्याला कमी वीज लागते. ऑफिसची मांडणी बदलली तर लादी उचला आणि जाळीसकट दुसरीकडे ठेवा. छत फोडायला नको, पीओपीवाल्याला बोलवायला नको.

आता आमच्या धंद्यातले लोक जाहिरातीत सांगत नाहीत ते. १७-१८ अंशांच्या हवेनं चिलरची, म्हणजे गारवा तयार करणाऱ्या मोठ्या यंत्राची, वीज वाचते हे कोरड्या हवेच्या गावी खरं. ऐरोलीला खाडी आहे. तिथल्या हवेतलं पाणी काढायचं तर कॉइलवर (थंड पाण्याच्या नळ्यांवर) ती १२-१३ पर्यंत न्यावीच लागते. मग खोलीतली परतीची हवा त्यात मिसळून १७ वर आणायची. तसं केलं तर ठीक, पण काही ठिकाणी चक्क हीटर लावून गरम करतात. आधी वीज खर्चून गार करायचं, मग वीज खर्चून गरम. आणि दारावर पाटी ग्रीनची! पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बाहेरची हवाच पंधराच्या खाली असते, ती गाळून सरळ आत सोडता येते, कॉम्प्रेसर बंद. ऐरोलीत तसल्या पहाटा मोजक्याच.

कडीकोयंडा
बापरे, धन्यवाद. पुस्तिकेत यातलं काहीच नाही. फक्त 'आमची इमारत जागतिक दर्जाची आहे' एवढं तीनदा आहे.

निवृत्त_खातेदार
हे नवं काय आहे? आमच्या बँकेच्या कॉम्प्युटर रूममध्ये ऐंशीच्या दशकात हेच होतं. चप्पल बाहेर काढून जायचो, देवघरात गेल्यासारखं. खालून वारं यायचं आणि पोटऱ्या गारठायच्या. एक बाई आत जाताना लोकरी मोजे घालायच्या, मे महिन्यात. चालताना ठक-ठक वाजायचं म्हणून आम्ही सगळे तिला 'पोकळ फरशी' म्हणायचो. हाच शब्द होता, मला पक्कं आठवतं.

पाटावरवंटा
माझे वडीलही बँकेतच होते. त्यांच्याकडे 'फॉल्स फ्लोअरिंग' म्हणत. फॉल्स सीलिंगची बहीण. 'पोकळ फरशी' कधी ऐकलं नाही.

निवृत्त_खातेदार
तुमच्या वडिलांची शाखा कुठली?

चिलरभाऊ
साइटवर आजही 'फॉल्स फ्लोअर'च म्हणतात. कागदोपत्री 'रेझ्ड अ‍ॅक्सेस फ्लोअर'. आणि काकांचं म्हणणं खरं आहे, ही पद्धत कॉम्प्युटर रूममधूनच ऑफिसात आली. हाँगकाँगच्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीत १९८५ पासून आहे, लंडनच्या लॉइड्समध्ये १९८६ पासून. न्यूयॉर्क टाइम्सच्या २००७ च्या इमारतीतही. पोटऱ्या गारठण्याची तक्रारही तेव्हापासूनची आहे. जाळी खुर्चीला फार जवळ आली की होतं.

शुद्धोदन
'फॉल्स' म्हणून 'खोटी फरशी' करू नका म्हणजे झालं.

चाळकरी
का? खोटे दात चालतात, खोटे दागिने चालतात. खोटी लादी मस्त आहे. मावशी बरोबर ओळखतील, हिच्याखाली काहीतरी आहे म्हणून.

उंबरठा
'पोटफरशी' कसं वाटतं? छताखाली पोटमाळा, तशी फरशीखाली पोटफरशी.

पाटावरवंटा
कल्पना गोड आहे, पण 'पोट' मुख्य गोष्टीच्या आत किंवा हाताखाली असणाऱ्याला लागतं. पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू. इथे पायाखाली येणारी फरशी हीच मुख्य, खालचा स्लॅब कोणाला दिसतही नाही. तेव्हा पोटफरशी म्हणजे खालची की वरची, इथूनच भांडण सुरू होईल.

उंबरठा
मग त्या पोकळीलाच 'पोट' म्हणा. 'फरशीच्या पोटातून हवा येते.'

कडीकोयंडा
हे मला आवडलं! पण साहेब पुन्हा फोन करतील.

मेलबर्नकर
उशिरा आलो. 'प्लेनम'ला 'पोकळी' म्हणण्यात एक गंमत आहे ती कोणी सांगितली नाही. लॅटिन प्लेनम म्हणजे भरलेलं. व्हॅक्यूमच्या बरोबर उलट. ती जागा हवेनं, दाबासकट, भरलेली असते म्हणून प्लेनम. तिला आपण पोकळी म्हणतोय, म्हणजे व्हॅक्यूम! सगळ्या सभासदांच्या भरसभेलाही प्लेनमच म्हणतात.

इथे मेलबर्नच्या महापालिकेची काउन्सिल हाउस टू नावाची इमारत आहे, २००६ ची. तिथे फरशीतल्या झडपांतून सगळी ताजी हवा देतात, आतलीच हवा फिरवत नाहीत. गारवा मुख्यतः छतातल्या थंड पाण्याच्या पट्ट्यांतून येतो. आणि उन्हाळ्यात रात्री खिडक्या आपोआप उघडतात, काँक्रीटचं छत गार होऊन सकाळपर्यंत थंडावा धरून ठेवतं. आमच्या आजीचा सांगलीतला वाडा हेच करायचा, फक्त खिडक्या आजी उघडायची.

शुद्धोदन
उत्तम! 'प्लेनुस' आणि संस्कृत 'पूर्ण' हे सख्खे भाऊबंद आहेत, एकाच मूळ धातूचे. म्हणजे शब्द तयारच आहे: 'वायुपूर्णी'. नाहीतर 'पूर्णकोष्ठ'.

चाळकरी
पुरणाची कोठी?

शुद्धोदन
चेष्टा करा. पण व्हेंटिलेशनला 'वायुवीजन' हा शब्दही असाच टिंगल सोसून रुळला.

उंबरठा
रुळला म्हणजे? मला परवापर्यंत वाटायचं वायुवीजन म्हणजे वाऱ्यावर वीज तयार करणं. पवनचक्की.

पाटावरवंटा
पुष्कळांना वाटतं. त्या 'वीजन'चा विजेशी संबंध नाही. संस्कृत वीजन म्हणजे वारा घालणं, व्यजन म्हणजे पंखा. त्याच घरातला आपला जुना 'विंझणा'. आजी 'विंझण्यानं वारा घाल' म्हणायची. आपली वीज 'विद्युत्'वरून आली. दोघी दिसायला जुळ्या, आई वेगळी. आणि पंखा विजेवर चालायला लागल्यापासून गोंधळ कायमचा झाला.

कडीकोयंडा
'ऊर्जादक्षता' राहिलं हो.

पाटावरवंटा
तो हिंदीतून सरकून आलाय. विजेच्या उपकरणांवर तारे देणारा केंद्राचा ब्युरो हिंदीत 'ऊर्जा दक्षता ब्यूरो' आहे. हिंदीत दक्षता म्हणजे कौशल्य, कार्यक्षमता. मराठीत दक्षता म्हणजे सावधगिरी: दक्षता पथक, 'योग्य ती दक्षता घ्यावी'. 'ऊर्जादक्षता' वाचून मराठी माणसाला वाटेल शॉक लागतोय, जपून. 'ऊर्जा कार्यक्षमता' लिहा. मावश्यांसाठी तर 'विजेची बचत'.

चिलरभाऊ
इथे मी भांडणार. बचत वेगळी आणि कार्यक्षमता वेगळी. एसी बंद केला ही बचत. तेवढाच गारवा कमी विजेत दिला ही कार्यक्षमता. दोन्हीला 'बचत' म्हटलं की साहेब उठून एसी २८ वर ठेवतात आणि म्हणतात ग्रीन झालो.

पाटावरवंटा
मान्य, पण पुस्तिका साहेबांसाठी नाही.

चिलरभाऊ
ग्रीनचं बरंवाईट शेवटी मावश्यांच्याच हातात असतं, म्हणून सांगतो. एका साइटवर बिल अंदाजापेक्षा बरंच जास्त येत होतं. आम्ही चिलर तपासला, पंखे तपासले. शेवटी लाद्या उचलल्या. केबलवाल्यांनी भिंतीकडेला भोकं पाडून तशीच सोडली होती, निम्मी हवा भिंतीच्या आतून वर पळत होती. इतका कमी दाब, चार बोटांची फट असली तरी संपलं. ते आम्हाला कोणी दाखवलं? सफाईच्या मावशींनी. म्हणाल्या, "या कोपऱ्यात केर राहतच नाही, उडून जातो."

त्याच मावशी त्या गोल जाळीला 'भोवरा' म्हणायच्या. त्यातून हवा गरगरत निघते, म्हणजे आत लवकर मिसळते आणि अंगावर झोत येत नाही. आम्ही 'स्वर्ल डिफ्यूझर' म्हणतो. त्यांचा शब्द जास्त बरोबर आहे.

कडीकोयंडा
भोवरा!! झालं, हाच घेते. 'भोवऱ्यावर बादली ठेवू नये.'

शुद्धोदन
संस्कृत 'भ्रमर'वरून. हा चालेल.

चाळकरी
शुद्धोदनांना चाललं, तारीख लिहून ठेवा. दिनांक लिहिला तरी चालेल.

निवृत्त_खातेदार
मूळ मुद्दा बाजूला राहतोय. 'पोकळ फरशी' हा शब्द आमच्याकडे सर्रास होता. आणि आजकाल या ग्रीन इमारतींचं जे पेव फुटलंय, त्यात जुनंच नवं म्हणून विकतात.

माजघर
पेव म्हणालात म्हणून. पेव म्हणजे जमिनीखाली धान्य साठवायचा खड्डा, हे इथे किती जणांना माहीत आहे? तो फुटला की धान्याचा ढीग वर, म्हणून 'पेव फुटणे'. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, माजघराच्या फरशीखालीच होतं. उतरायच्या आधी दोरीनं दिवा सोडून बघायचे. विझला तर आत कोणी जायचं नाही. म्हणजे फरशीखालची हवा हा विषय आपल्याकडे फार जुना आहे, फक्त ती मारायची.

पाटावरवंटा
फरशीखाली होतं ते पेव नव्हे, बळद. पेव गावाबाहेर, मुरमाच्या जमिनीत.

माजघर
आमच्याकडे बळद भिंतीत असायचं. मातीचं, वरून झाकण.

उंबरठा
आमच्याकडे भिंतीतल्याला कणगी म्हणत.

पाटावरवंटा
कणगी भिंतीत कशी असेल? ती कुडाची किंवा बांबूची, उभी, शेणानं लिंपलेली.

कडीकोयंडा
पुस्तिका दिली. 'फरशीखालून थंड हवा येते. भोवऱ्यावर बादली, खोका, पायपुसणं ठेवू नये. लादी पुसताना पाणी आत जाऊ देऊ नये.' प्लेनम गाळला. साहेबांनी 'भोवरा' खोडून 'डिफ्यूझर' केलंय, बाकी तसंच आहे.

चाळकरी
एकाच परिच्छेदात फरशी आणि लादी?

माजघर
पाटावरवंटा, बळद जमिनीखाली असल्याचा काही पुरावा? कोशातला चालेल.