पक्षाघाताच्या रुग्णासाठी नाशिकमधलं केअर सेंटर: एका भेटीत काय तपासायचं?

गोदाकाठ
रुग्ण ७२ वर्षांचे, वजन ६० किलो. पक्षाघाताला तीन आठवडे झाले. उजवी बाजू गेली आहे, बोलणं उमटत नाही, नाकात राइल्स ट्यूब (पोटात पातळ आहार देण्याची नळी) आणि लघवीला नळी आहे. चार दिवसांनी डिस्चार्ज. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दोन-तीन महिने केअर सेंटरमध्ये ठेवायचं ठरलंय. एक जागा गंगापूर रोडला पाहिली, चकाचक, एसी. दुसरी पाथर्डी फाट्याजवळ, साधी. दोघंही "चोवीस तास सिस्टर, रोज फिजिओ" एवढंच सांगतात. काळजी खरंच घेतली जाते की नाही, हे कशावरून ओळखायचं?

सिस्टर_म्हसरूळ
ताई/दादा, आधी रात्रीचा हिशोब मांडा. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांची साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एका रुग्णाला वळवायचं, डायपर बघायचा, चादर सरळ करायची, पाठीशी उशी लावायची, यात दोन माणसांची आठेक मिनिटं जातात. असे १५ रुग्ण असतील तर १५ गुणिले ८, म्हणजे १२० मिनिटं. एक जोडी सलग दोन तास फक्त हेच करत राहील आणि संपलं की पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरू. त्यामुळे "रात्री एक सिस्टर, एक मावशी" आणि खिळलेले रुग्ण १५ असं उत्तर आलं, तर कूस बदलली जात नाही हे समजून जा. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, हात पुरत नाहीत म्हणून. "स्टाफ किती?" असं मोघम विचारू नका. रात्री दहा ते सकाळी सहा कोण असतं, त्यात जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचे अभ्यासक्रम) झालेले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेले किती आणि नुसत्या मावशी-मामा किती, असं विचारा.

मग खाटेजवळचा कूस बदलल्याचा तक्ता मागा. दुपारी चारला गेलात आणि सहाची खूण आधीच केलेली दिसली, किंवा महिनाभर एकाच पेनानं, एकाच हातानं बरोबर ८, १०, १२ लिहिलेलं असलं, तर तो तक्ता तुमच्यासारख्यांना दाखवायला ठेवलाय. खऱ्या तक्त्यात ८:२०, १०:३५ अशा वेळा असतात, डावी-उजवी कूस लिहिलेली असते, सही बदलते.

"आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे" यावर थांबू नका. कमरेखाली, गादीच्या खालून तळहात घालून बघा. माणसाचं हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. पंपावरचा दाब रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावावा लागतो, तो कोण लावतं ते विचारा. वर प्लॅस्टिक, त्यावर जाड गोधडी, त्यावर चादर असेल तर गादीचा उपयोग राहत नाही. आणि गादी असली तरी कूस बदलणं चुकत नाही.

आपल्या सावळ्या कातडीवर बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात लाल दिसेलच असं नाही. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं इथं जागा काळपट, गरम किंवा कडक लागते. तिथं पावडर लावून खसाखसा चोळताना कोणी दिसलं तर तिथं शिकवणारं कोणी नाही. चोळल्यानं आतली इजा वाढते. सध्या किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यातले इथं आल्यावर किती जणांना झाले, हेही थेट विचारा. आकडा सांगणारी जागा "एकालाही नाही" म्हणणाऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

शक्य असेल तर भरवण्याच्या वेळी जा. ट्यूबमधून देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच. आधी नाकाशी ट्यूबवरची खूण सरकली नाही ना ते पाहायचं, मग पातळ आहार सिरिंज उंच धरून आपल्या वजनानं उतरू द्यायचा, दट्ट्यानं ढकलायचा नाही. शेवटी ३० मिली पाणी. आडवं ठेवून घाईनं २५० मिली ढकललं की ते छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून देतात का तेही बघा. लांब परिणामाच्या, म्हणजे एसआर गोळ्या कुटायच्या नसतात.

फिजिओ_नाशिकरोड
पक्षाघातानंतर पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. "रोज फिजिओ" म्हणजे दहा मिनिटं हातपाय हलवणं असेल तर पैसे वाया. किती मिनिटं, पदवीधर फिजिओथेरपिस्ट स्वतः येतो की मदतनीस, आणि खाटेच्या कडेला बसवणं, आधारानं उभं करणं, कमजोर पायावर भार देणं कधी सुरू होणार, हे विचारा. दाखल होताना बार्थेल स्कोअर (खाणं, कपडे घालणं, चालणं अशी रोजची १० कामं स्वतः किती जमतात, त्याचे १०० पैकी गुण) काढतात का? दर दोन आठवड्यांनी पुन्हा काढला तरच सुधारणा कागदावर दिसते.

खाटेवर वर सरकवताना मामा उजव्या दंडाला किंवा काखेला धरून ओढतात का, तेवढं नक्की बघा. ताकद गेलेला खांदा असा ओढला की सांधा खाली उतरतो आणि मग दुखण्यापायी रुग्ण व्यायामच करू देत नाही. चादरीवरून दोघांनी सरकवायचं. बोलणं गेलंय म्हणता, तेव्हा स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतो हेही. गिळण्याची तपासणी तोच करतो. ती न करता ट्यूब काढून चमच्यानं पाणी पाजू देऊ नका.

गोदाकाठ
खूपच उपयोगी, आभार. लघवीच्या नळीचं आणि कागदपत्रांचं काय?

सिस्टर_म्हसरूळ
पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी, जमिनीला टेकता कामा नये. व्हीलचेअरवर बसवताना मांडीवर ठेवली तर लघवी उलटी जाते. ६० किलो वजनाला दिवसाला साधारण ७०० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर डॉक्टरांना कळवायला हवं, म्हणजे रोजचं मोजमाप लिहिलेलं पाहिजे. आणि डॉक्टरांना विचारा, नळीची गरज अजून आहे का? नुसत्या सोयीसाठी ठेवलेली नळी जंतुसंसर्ग आणते.

इंदिरानगर_४२२००९
कागदपत्रांचं मी सांगतो. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ खालचं प्रमाणपत्र मागा, शहरात ते महापालिका देते. शॉप अ‍ॅक्टचा परवाना दाखवला तर ती ही नोंदणी नव्हे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. डायपर, हातमोजे, ऑक्सिजन, फिजिओ हे महिन्याच्या रकमेत की वेगळं, ते लेखी घ्या. वीज गेल्यावर सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र) कशावर चालतात ते नुसतं ऐकू नका, चालू करून दाखवायला सांगा. पंचवटीतली जागा बघणार असाल तर २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स कुठल्या रस्त्यानं काढणार, हेही विचारून ठेवा. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

सिस्टर_म्हसरूळ
दाखल करताना त्यांच्या सिस्टरसमोर पाठ, कंबर आणि दोन्ही टाचांचे तारखेसह फोटो काढा आणि वजन लिहून घ्या. महिन्याभरात तीन किलो घटलं तर आहार पोचत नाहीये. पहिल्या आठवड्यात एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा रविवारी दुपारी, न सांगता जा.