भूल दिलेल्या उंदराच्या हृदयाच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा का?

विश्रामबागी
काल सांगलीत चहावर झालेला वाद इथे मांडतो. आमच्या फार्मसी कॉलेजात दरवर्षी एखादा प्रबंध ठरलेलाच असतो: विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांना (रॅट) महिनाभर अर्जुनसालीचा अर्क, मग 24 तासांच्या अंतराने हृदयाला इजा करणाऱ्या आयसोप्रेनॅलिनची दोन इंजेक्शनं (85 मिलिग्रॅम प्रतिकिलो), आणि शेवटी भूल देऊन ईसीजी. माझं म्हणणं असं की आपण अर्जुन नाही, भूलच मोजतोय. निवांत बसलेल्या जाग्या उंदराचे ठोके मिनिटाला 300 ते 400. केटामाइन-झायलाझिनची भूल दिली की तेच 250 च्या आसपास उतरतात. केटामाइन हृदयाला चेतवतं, झायलाझिन सिंपथेटिकचा, म्हणजे हृदयाला वेग देणाऱ्या नसांचा, जोर दाबतं, आणि या ओढाताणीत झायलाझिन जिंकतं. एवढी घसरण घडवल्यावर अर्कामुळे झालेला दहा-वीस ठोक्यांचा फरक कुठे शोधायचा?

मिरजजंक्शन
सर, भूल सगळ्याच गटांना दिली ना? तराजूच्या दोन्ही पारड्यांत तोच दगड ठेवला तर काटा हलत नाही. आणि जागेपणी मोजा म्हणता, तर उंदीर हातात धरून दाखवा. घाबरून ठोके वर जातात, वायर कुरतडतो, ईसीजीवर स्नायूंची थरथर उमटते. तो आकडा खरा कसा? पोटात ट्रान्समीटर बसवायचा तर खर्च कोण देणार? आमच्याकडे साधं आयसोफ्लुरेनचं (हुंगवून द्यायच्या भुलेचं) व्हेपोरायझर नाही.

विश्रामबागी
गोम दगडातच आहे, तो दोन्हीकडे सारखा राहत नाही. दुखावलेलं हृदय सिंपथेटिकच्या टेकूवर उभं असतं. टेकू काढला की ते निरोगी हृदयापेक्षा जास्त कोसळतं. म्हणजे आजारी गटाला तीच भूल जड जाते.
दुसरं, बी. फार्म.ला आपण सगळे पेंटोबार्बिटोन या झोपेच्या औषधाचा प्रयोग शिकलोय: उंदीर पडल्यापासून परत सरळ होईपर्यंतची मिनिटं मोजायची. यकृतातली एन्झाइम मंदावणारं काही आधी दिलं असेल तर झोप लांबते. केटामाइनही यकृतातच मोडतं. उद्या महिनाभराच्या अर्काने ते हळू मोडायला लागलं, तर अर्काच्या गटातला उंदीर जास्त गाढ झोपेल, ठोके कमी येतील, आणि प्रबंधात आपण लिहू, ‘अर्काने हृदय शांत केले’!

तासगावचाजनावरांचाडॉक्टर
यात थोडं आमचंही. घोड्याला लागणाऱ्या झायलाझिनच्या दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते. औषध तेच, जनावर बदललं की हिशोब बदलतो. त्यामुळे घुशीएवढ्या विस्टारचा डोस छोट्या पांढऱ्या उंदराला (माउसला) जसाच्या तसा लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्याचे जागेपणीचे ठोके तर 500 च्या पुढे. आणि आयसोफ्लुरेनला देव करू नका. हृदयाला ते कमी त्रास देतं खरं, पण टक्का वाढवला की रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब पडतो.

कृष्णाकाठची
माझा प्रबंध याच विषयावर, म्हणून बोलते. भूल मिळालेल्या उंदराला अंगाची ऊब राखता येत नाही. माझी एक बॅच डिसेंबरात, दुसरी एप्रिलात झाली. डिसेंबरात सकाळी फरशीचा गारठा तळपायाला झोंबायचा, आणि आमचा उंदीर स्टीलच्या ट्रेमध्ये. एप्रिलात तीच खोली भट्टी. दोन्ही बॅचचे ठोके जुळले नाहीत, तेव्हा वाटलं अर्क बिघडला. मग कुणीतरी गुदद्वारात थर्मामीटर घालून बघ म्हणालं. पुढच्या वेळी रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून खाली ठेवलं, साठ वॅटचा बल्ब लावला, 37 अंश टिकवले. आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. व्हेपोरायझर नाही, म्हणून थर्मामीटरही नाही का?

मिरजजंक्शन
थर्मामीटर मान्य. पण सर, तुमच्या बोलण्यात एक खोट आहे. आयसोप्रेनॅलिनच्या प्रबंधात कुणी नुसत्या ठोक्यांवर निष्कर्ष काढत नाही. ट्रोपोनिन, सीके-एमबी (हृदय दुखावलं की रक्तात वाढणारी द्रव्यं) आणि हृदयाच्या कापांतली इजा असते, आणि ती भुलेच्या आधीच्या दोन दिवसांत झालेली असते. दहा मिनिटांच्या झोपेने मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत. ईसीजी पुरवणी पुरावा आहे, बस.

विश्रामबागी
पेशींचं मान्य, तिथे मी भांडणार नाही. पण मग पुरवणी पुराव्याचा आलेख पहिल्या पानावर कशाला? बरं, गेल्या वर्षीच्या तीन प्रबंधांत भूल दिल्यावर किती मिनिटांनी ईसीजी काढला ते सांगा. पाचव्या मिनिटाचे आणि पंचविसाव्या मिनिटाचे ठोके सारखे नसतात.

मिरजजंक्शन
रजिस्टर बघून सांगतो. केटामाइन काढल्याची वेळ तरी त्यात असते.

कृष्णाकाठची
ती वेळ बाटली कपाटातून काढल्याची असते, उंदराला टोचल्याची नाही.