मदत हवी आहे: रूफटॉप सोलरच्या मसुद्यावर सोसायटीने हरकत कशी पाठवायची?

वारजेकर_सेक्रेटरी:
आमची वारज्यातली तीन विंगची सोसायटी. गच्चीवर सोलर बसवायचं वार्षिक सभेत एकदाचं ठरलं (तीन सभा पार्किंगनेच खाल्ल्या होत्या). कोटेशन आलं, आणि तेवढ्यात ग्रुपवर एक पीडीएफ पडली. वीज नियामक आयोगाचा मसुदा. त्यात म्हणे महिन्याला ३०० युनिटपर्यंतच नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा), त्यापुढे नेट बिलिंग (दिलेलं युनिट कमी दराने विकायचं). लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे धरून आमचं कॉमन मीटर ३०० च्या कितीतरी वर जातं.

चेअरमन म्हणतात, नियम आलाय, आता बोलून उपयोग नाही. खजिनदार म्हणतात, हरकत घ्या. घेऊ, पण कशी? मराठीत चालते का? वकील लागतो का? मुंबईला खेटे घालावे लागतात का? आणि खरं सांगायचं तर ते कोणी वाचतं का? रस्तारुंदीच्या वेळी एका कार्यालयात हरकत दिली होती. पोचपावतीवर शिक्का मिळाला, पुढे चिडीचूप.

मीटरमागचा_माणूस:
साहेब, आधी पीडीएफच्या पहिल्या पानावरचं साल बघा. २०१९ असेल तर कोटेशनवर खुशाल सही करा. ही ३०० युनिटची अट त्या वर्षीच्या मसुद्यात होती. तेव्हा घरगुती ग्राहक, सोलरवाले, संस्था असे सगळेच तुटून पडले होते. २०१९ च्या अखेरीस अंतिम विनियम (म्हणजे आयोगाचे नियम) आले, त्यात ती अट राहिली नाही. म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच ग्रुपवर फिरतंय.

वारजेकर_सेक्रेटरी:
बघितलं, २०१९ च आहे! ग्रुपवर टाकलं. तरी विचारून ठेवतो, नियम पुन्हा बदलायला काढले तर तेव्हा धावाधाव नको. मसुदा आणि नियम यात मधे नक्की काय काय होतं?

मीटरमागचा_माणूस:
वीज कायदा २००३, कलम १८१. राज्य आयोगाला विनियम करता येतात, पण अट घातलीय पूर्वप्रसिद्धीची. म्हणजे आधी मसुदा लोकांसमोर ठेवायचा. पूर्वप्रसिद्धी कशी करायची ते सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ मध्ये आहे: ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना कळेल असा मसुदा प्रसिद्ध करायचा, सोबतच्या नोटिशीत तारीख द्यायची, आणि त्या तारखेआधी आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या. विचारात घ्यायच्या, मान्य करायच्या नव्हे. इथेच लोकांची गफलत होते, मग चिडचिड.

तारीख नोटिशीत असते तीच धरा, ग्रुपवरची नको. वकील लागत नाही, मराठी चालतं. आयोगाच्या संकेतस्थळावर ई-पब्लिक कन्सल्टेशनमध्ये मसुदा असतो, तिथूनच सूचना पाठवता येते. मुंबईला जायची गरज नाही.

अंतिम विनियमांबरोबर आयोग कारणांचं निवेदन काढतो. कुठल्या मुद्द्यावर काय सूचना आल्या आणि आयोगाने त्यावर काय ठरवलं, ते त्यात असतं. तुमच्या रस्तारुंदीवाल्या शिक्क्याच्या पुढचं पान म्हणा हवं तर. २०१९ चं उघडून वाचा. कंटाळवाणं आहे, पण कसं लिहिलं की दखल घ्यावी लागते ते त्यातूनच कळतं.

कसबा_पेठ_३०:
एक अनुभवाचं सांगते. ‘आमचा या मसुद्यास तीव्र विरोध आहे’ असं एकच छापील पत्र दोनशे सह्यांनी पाठवू नका. आयोगाच्या लेखी तो एकच मुद्दा होतो. त्यापेक्षा एक पान, पण आकड्यांचं. विनियम क्रमांक लिहा, मसुद्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, खाली तुम्हाला हवं ते वाक्य, मग कारण. कारण म्हणून तुमचं बिल लावा. आमचं आम्ही असं मांडलं होतं: पंप सकाळी, लिफ्टची गर्दी आणि दिवे संध्याकाळनंतर. सोलरची वीज भर दुपारी, तेव्हा सोसायटीत वापर नाही, म्हणून ती ग्रिडमध्ये जाते. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटमधून वजा होतं. नेट बिलिंगमध्ये दुपारचं युनिट कमी दराने विकायचं आणि रात्रीचं पूर्ण दराने घ्यायचं. बारा महिन्यांची बिलं जोडली की मोजणाऱ्याला मोजता येतं.

सोसायटीच्या नावाने पाठवणार असाल तर कमिटीचा ठराव करून घ्या, नाहीतर पुढच्या सभेत ‘कोणाला विचारून पाठवलं’ सुरू होतं. स्वतःच्या नावाने कोणीही पाठवू शकतं.

वारजेकर_सेक्रेटरी:
ताई, हे फार कामाचं. मग पुण्यात कौन्सिल हॉलला जी वीजदराची सुनावणी होते ती हीच का? आणि अंतिम विनियम विरोधात गेले तर अपील?

मीटरमागचा_माणूस:
नाही, ते वेगळं प्रकरण. वीजदर ठरतो वितरण कंपनीच्या याचिकेवर, कलम ६२ आणि ६४ खाली. तिथे जनसुनावणी होते, उभं राहून बोलता येतं, आणि आदेश पटला नाही तर कलम १११ खाली दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. विनियमांना तो रस्ता नाही. पीटीसी इंडिया या वीज खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की आयोगाचे विनियम हे कायदा करण्यासारखं काम आहे, न्यायाधिकरण त्यांची वैधता तपासू शकत नाही. राहतं उच्च न्यायालय, रिट याचिका. तिथे खर्च आहे, वेळ आहे, आणि ‘आम्हाला हा नियम आवडला नाही’ एवढ्यावर काही होत नाही. म्हणून जे सांगायचं ते मसुद्याच्या वेळीच सांगून टाकायचं.

सोलर बसवून झाल्यावर दर बदलला तर तुमचा हिशेब वीजदराच्या सुनावणीत लागतो. ती नोटीस वर्तमानपत्रात येते, बहुतेकदा आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात.

कसबा_पेठ_३०:
कोटेशन किती किलोवॅटचं आहे? आमच्याकडे गच्चीवर टाक्यांच्या सावलीचा घोळ झाला होता, सही करायच्या आधी तेवढं बघून घ्या.