शब्दचर्चा : ऑब्जेक्ट लायब्ररी 'सुसंगत' ठेवणे

प्रश्न

प्युअर डेटा (पीडी), म्हणजे चौकटी जोडून आवाजाचे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, त्याची मराठी माहितीपुस्तिका लिहिते आहे. मॅक्स या तशाच सॉफ्टवेअरचे ऑब्जेक्ट पीडीत आणणाऱ्या सायक्लोन लायब्ररीबद्दल 'मॅक्सशी सुसंगत वस्तुसंग्रहाचे जतन' असं लिहून ठेवलंय, पण वाचणाऱ्याला त्यातून फारसं काही कळेल असं वाटत नाही. 'सुसंगत' बरोबर आहे का? 'जतन' चालेल का? पीडी वापरणाऱ्यांनी जरूर सांगावं.

प्रतिसाद

'वस्तुसंग्रह' आधी काढा, नाहीतर वस्तुसंग्रहालयच डोळ्यांपुढे येतं. पीडीत काम करणारे सगळे 'ऑब्जेक्ट' (एक काम करणारी चौकट), 'पॅच' (ऑब्जेक्ट जोडून केलेला प्रोग्राम), 'लायब्ररी' (ऑब्जेक्टचा संच), 'एक्सटर्नल' (पीडीत मुळात नसलेला, बाहेरून जोडायचा ऑब्जेक्ट) हेच बोलतात. तेच ठेवा.

'जतन'ही नको. जतन पोथीचं होतं. ती आहे तशी राहावी हाच त्यात हेतू असतो. लायब्ररी आहे तशी ठेवली तर ती काही वर्षांत बंद पडते. ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, प्रोसेसर बदलतो, पीडीची नवी आवृत्ती येते, आणि काल उघडणारा एक्सटर्नल आज उघडत नाही. त्यामुळे 'सांभाळणे' किंवा 'देखभाल' म्हणा. पीडी-एक्स्टेंडेडचं उदाहरण घ्या. खूपशा लायब्ररी एकत्र बांधून देणारं ते पॅकेज 2013 नंतर पुढे सरकलं नाही, आणि त्यातली प्रत्येक लायब्ररी कोणी ना कोणी वेगळी हाती घेऊन चालती करावी लागली. ज्यांना कोणी वाली मिळाला नाही, त्या मागे पडल्या. 2016 मध्ये 0.47 आवृत्तीपासून पीडीतूनच एक्सटर्नल शोधून उतरवायची सोय झाली, तिला डेकन म्हणतात. त्यामुळे वाटप सोपं झालं. देखभाल मात्र ज्याच्या त्याच्या अंगावरच राहिली.

प्रतिसाद

'सुसंगत' शब्दात चूक नाही, पण तो एकटा लिहिला की फसवतो. वाक्यात 'कशाशी' आणि 'कुठवर' हे दोन्ही आलं पाहिजे.

सायक्लोनचंच घ्या. मिलर पकेट यांनी 1980च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मॅक्स लिहिलं आणि 1996 मध्ये मुक्तस्रोत पीडी आणलं. विकत मिळणारं मॅक्स तोवर वेगळ्या वाटेने वाढत होतं, त्याचे ऑब्जेक्ट पीडीत नव्हते. क्शिश्तोफ चाया यांनी ते पीडीसाठी नव्याने लिहायला घेतले, तीच सायक्लोन. पुढे ती अनेकांच्या हातांतून गेली. मॅक्सचा सोर्स कोड खुला नाही, म्हणजे मूळ ऑब्जेक्ट कसा वागतो हे पाहून आणि त्याची माहिती वाचून तसाच वागणारा ऑब्जेक्ट घडवायचा. इथे 'सुसंगत'चा अर्थ 'वागणुकीत मूळासारखा' असा होतो.

आता एक ऑब्जेक्ट जवळून पाहू : 'लाइन~'. हा पीडीत मुळातच आहे आणि मॅक्समध्येही आहे, नाव तंतोतंत एकच. त्याला '1 10 0 500' अशी यादी पाठवा. मॅक्सचा लाइन~ 10 मिलिसेकंदांत 1 वर चढतो आणि पुढच्या 500 मिलिसेकंदांत 0 वर उतरतो, म्हणजे स्वर वाजून विरतो. पीडीचा लाइन~ पहिले दोनच आकडे घेतो. तो 1 वर चढतो आणि तिथेच थांबतो, स्वर अडकून वाजत राहतो. शिवाय मॅक्सच्या लाइन~ला दुसरं आउटलेट (बाहेर पडायची वाट) असतं, उतार संपला की त्यातून बँग (काम झाल्याचा इशारा) येतो. पीडीच्या लाइन~ला ते नाहीच.

यातलं वाईट हे की पॅच बिनतक्रार उघडतो. ऑब्जेक्ट सापडलाच नाही तर पीडी चौकट तुटक रेषांनी दाखवतं आणि कन्सोलमध्ये तसं लिहितं, मग निदान शोधायला सुरुवात तरी होते. नाव जुळलं आणि वागणूक जुळली नाही, तर माणूस आपल्याच पॅचमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून पुस्तिकेत 'नाव जुळतं' आणि 'वागणूक जुळते' ही दोन वाक्यं वेगळी लिहा. 'सुसंगत' या एका शब्दात दोन्ही कोंबू नका.

प्रश्नकर्ती

हे फारच उपयोगी आहे. मग सायक्लोनचा लाइन~ हवा असेल तर पॅचमध्ये काय लिहायचं? 'डिक्लेअर' ऑब्जेक्टने लायब्ररीचा पाथ (फोल्डरचा पत्ता) दिला की पुरत नाही का?

प्रतिसाद

नाही पुरत. पीडीत अंगभूत असलेलं नाव आधी सापडतं, पाथपर्यंत गाडी जातच नाही. चौकटीत 'सायक्लोन/लाइन~' असं लायब्ररीच्या नावासकट लिहावं लागतं. जुन्या सायक्लोनमध्ये यावर वेगळा उपाय होता, अशा ऑब्जेक्टच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचा. पण विंडोज आणि मॅकची फाइल व्यवस्था एरवी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे तोही उपाय डळमळीतच.

नावांचं आणखी एक दुखणं. लहान-मोठे दाखवणाऱ्या चिन्हांची (<, >) नावं असलेले काही ऑब्जेक्ट सायक्लोनमध्ये आहेत. एरवी प्रत्येक ऑब्जेक्टची आपली फाइल असते, पण विंडोजवर त्या चिन्हांची फाइल बनतच नाही. म्हणून ते सगळे एकाच फाइलमध्ये बांधलेले असतात, आणि ती आधी लोड केली तरच सापडतात. नवखा इथे हमखास अडतो. पुस्तिकेत हे ठळक लिहा.

प्रतिसाद

'डेप्रिकेटेड'ला (यापुढे वापरू नये असं ठरवलेल्याला) 'कालबाह्य' लिहू नका एवढी विनंती. कालबाह्य म्हटलं की ते आता चालत नाही असं वाटतं. लायब्ररीत ऑब्जेक्टचं नाव बदललं तरी जुनं नाव उपनाव म्हणून ठेवता येतं, पीडीत तशी सोयच आहे, आणि जुने पॅच त्याच्यावरच उघडतात. मी 'जुन्या पॅचपुरतं नाव' असं लिहितो. लांब आहे, पण नव्या पॅचमध्ये ते वापरायचं नाही आणि काढूनही टाकायचं नाही, दोन्ही त्यातून कळतं. कोणाचा पंधरा वर्षांपूर्वीचा प्रयोग त्या नावावर उभा असेल, ते मेंटेनरला, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याला, कळायला मार्ग नसतो.

प्रतिसाद

वर नाव आणि वागणूक आली, 'बांधणी' राहिली. बिल्डसाठी मी हाच शब्द वापरतो. तोच सोर्स कोड लिनक्स, मॅक आणि विंडोजसाठी वेगळा बांधावा लागतो. पीडी स्वतः सिंगल प्रिसिजनचं आहे की डबल, म्हणजे आकडे किती अचूक ठेवतं, यावरही बांधणी ठरते. एकासाठी बांधलेला एक्सटर्नल दुसऱ्यात लोड होत नाही. अशा वेळी 'लायब्ररी विसंगत आहे' असं लिहिलं तर वाचणारा ती टाकून देईल. 'तुमच्या पीडीसाठीची बांधणी उतरवा' असं लिहिलं तर तो पुन्हा डेकनकडे जाईल.